गाजरगवत: उपटायचं कधी, कसं, आणि उपटलेलं न्यायचं कुठं

दरवर्षी ऑक्टोबर लागला की जुळे सोलापुरातल्या कुठल्या ना कुठल्या मोकळ्या प्लॉटवर हे दृश्य दिसतं. वीस-पंचवीस माणसं हातात विळे-कोयते घेऊन छातीएवढं वाढलेलं, पांढऱ्या फुलांनी भरलेलं गाजरगवत सपासप कापत असतात. कापलेलं कंपाउंडच्या कडेला ढीग लावून ठेवतात. फोटो होतो, चहा होतो, मंडळी घरी जातात. पुढच्या मृगात त्या प्लॉटवर सगळ्यात दाट हिरवळ कुठे उगवते? जिथे तो ढीग होता तिथे.

मेहनतीत खोट नसते, तारखेत असते. या झाडाला उगवल्यापासून फुलायला चार ते सहा आठवडे पुरतात. एक पोसलेलं झाड १५ ते २५ हजार बिया टाकतं. त्या बियांना विश्रांती लागत नाही, ओल मिळाली की पडल्या जागी उगवतात. ऑक्टोबरात कापणं म्हणजे आपल्याच हाताने झोडणी करून पेरणी करणं. म्हणून खाली जो क्रम दिलाय तो मोडू नका. कोणी म्हणेल, आधी उपटून घेऊ, खताच्या खड्ड्याचं नंतर बघू. तिथेच बहुतेकांचं फसतं.

## टप्पा १: झाड नीट ओळखा

नावात गवत असलं तरी हे गवत नाही. करडई, सूर्यफूल, शेवंती यांच्या कुळातलं हे झुडपासारखं वाढणारं तण आहे. हा मुद्दा पुस्तकी नाही. सोयाबीनमध्ये किंवा कांद्यात फक्त गवतवर्गीय तणं मारणारी औषधं मिळतात, ती "गवत मारायचं औषध" म्हणून आणून यावर फवारणारे मी पाहिलेत. काहीही होत नाही, कारण ती औषधं या कुळाला लागूच पडत नाहीत.

लहानपणी झाड जमिनीला चिकटून, पानांचं गोल चक्र करून बसतं. पानं गाजरासारखी कातरलेली, फिकट हिरवी, बारीक लव असलेली. मग मधून दांडा निघतो. त्यावर उभ्या रेघा असतात, बोटाने चाचपल्या तरी कळतात. वर फांद्या फुटतात आणि शेंड्याला पांढरी, तांदळाच्या दाण्याहून लहान, पाच कोन असलेली फुलं येतात.

या चक्राच्या अवस्थेत फसगत होते. दवण्याची, शेवंतीची, झेंडूची रोपं लांबून अशीच दिसतात. बागेत काम करताना शंका आली तर पान चुरगळून पाहू नका (का ते टप्पा ३ मध्ये). शेजारचं मोठं झाड शोधा आणि त्याच्या बुडाजवळची पानं ताडून बघा.

तपासणी: एक वाळलेलं, तपकिरी पडलेलं फूल हातमोजा घालून तळहातावर चोळा. चार-पाच काळे, चपटे, दोन मिलिमीटरचे दाणे निघतील. प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंना पांढुरकी पातळ सालपटं चिकटलेली असतात. हे दाणे चपलेच्या तळव्याला, बैलाच्या खुरांना, ट्रॅक्टरच्या टायरमधल्या चिखलाला सहज चिकटतात. असा एकही दाणा निघाला, तर ते झाड साध्या उपटणीचं राहिलेलं नाही. त्याला टप्पा ४ मधली वेगळी पद्धत लागेल.

## टप्पा २: तारीख ठरवा

कॅलेंडरवरची तारीख नको, झाडाची आणि जमिनीची अवस्था बघा. तीन गोष्टी एकाच वेळी जुळल्या पाहिजेत:

१. झाड साधारण वीतभर झालंय, मधला दांडा वर यायला लागलाय, म्हणजे मुठीत धरायला काहीतरी आहे.
२. एकही कळी पांढरी झालेली नाही.
३. जमीन वाफशावर आहे, म्हणजे ओल आहे पण चिखल नाही.

यापेक्षा लहान असताना उपटायला गेलात तर पानं हातात येतात आणि गड्डा जमिनीत राहतो. तो पुन्हा फुटतो. मोठं होऊ दिलंत तर फूल येतं. मधे जेमतेम आठ-दहा दिवस मिळतात.

वाफशाचं महत्त्व आपल्या काळ्या रानात राहणाऱ्याला सांगायला नको, पण शहरातली मंडळी इथेच चुकतात. काळी माती सुकली की दगड होते, मूळ तुटून आत राहतं. चिखल असेल तर झाडाबरोबर पाटीभर माती येते आणि मजूर दुपारपर्यंत थकतात. मूठभर माती दाबून लाडू करा आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडा. फुटून विखुरला तर कामाला लागा. तसाच राहिला तर अजून ओल जास्त आहे, एक-दोन दिवस थांबा. लाडूच होत नसेल तर पुढच्या पावसाची वाट बघा, किंवा जागा लहान असेल तर आदल्या संध्याकाळी पाणी मारा.

सोलापूरच्या पावसाची चाल अशी की जूनमध्ये थोडा पडतो, मग उघडीप, आणि खरा जोर सप्टेंबरात. त्यामुळे इथे या तणाच्या दोन मोठ्या लाटा येतात. मृगाच्या पावसावर उगवलेली पहिली लाट जुलैच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात हाताला येते. दुसरी पूर्वा-उत्तरा नक्षत्रांच्या पावसावर उगवते, ती ऑक्टोबर उजाडण्याच्या आसपास काढायची. ज्यांच्याकडे रब्बी ज्वारी आहे त्यांच्या रानातली दुसरी लाट पेरणीपूर्व कुळवाच्या पाळीत मोडते, पण बांध तसाच राहतो. आणि बी येतं ते बांधावरूनच.

तिसरी लाट म्हणावी अशी नाही, ती बारमाही. पाटाच्या चाऱ्या, सांडपाण्याचे नाले, गळक्या नळाभोवतीची जागा, रसवंतीच्या मागचा ओलावा. तिथे महिन्यातून एकदा नजर टाकावीच लागते.

१६ ते २२ ऑगस्ट हा देशभर गाजरगवत जागृती सप्ताह म्हणून पाळतात. शाळा-कॉलेजं त्याच आठवड्यात श्रमदान ठेवतात. आपल्याकडे तोवर पहिली लाट फुललेली असते. त्या आठवड्यात माहिती जरूर सांगा, पण उपटणी जुलैत उरकून घ्या.

सावधान: वाळून तपकिरी पडलेलं झाड दिसलं म्हणून "हे तर मेलंय" असं समजू नका. ते बियांचं पोतं आहे.

## टप्पा ३: तयारी

### माणसं

आधी कोण येणार नाही ते ठरवा. दमा असलेले, वारंवार शिंका-सर्दीचा त्रास असलेले, पूर्वी या झाडाने अंगावर उठलेले, शेवंती हाताळून हात लाल होणारे आणि लहान मुलं यांना या कामाला घेऊ नका. शाळेच्या पटांगणातलं गाजरगवत चौथीच्या पोरांकडून उपटून घेणं थांबलं पाहिजे, हे मी जिथे संधी मिळेल तिथे सांगतो.

या झाडात पार्थेनिन नावाचं द्रव्य असतं. ते त्वचेला चढतं, पण लगेच नाही. खाज, पुरळ, पापण्या सुजणं, मानेला आणि कोपराच्या घडीत चट्टे हे सगळं एक-दोन दिवसांनी उमटतं. शिवाय पहिल्या काही वेळा काहीच होत नाही आणि एकदा का शरीराने वैर धरलं की पुढे प्रत्येक वेळी होतं. "मी दहा वर्षं उघड्या हातानं उपटतोय, मला काय झालं नाही" असं म्हणणारा माणूस अकराव्या वर्षी त्वचारोगतज्ज्ञाकडे बसलेला असतो. माझं झालं तसं पाचव्या वर्षी. हातमोजे होते, पण सुती. दव पडलेलं, सुती मोजा भिजून रस आत झिरपला आणि मी तेच मोजे घालून घाम पुसत राहिलो. दोन दिवसांनी डावा डोळा उघडेना.

त्यामुळे:

- मोजे रबराचे किंवा नायट्राइलचे, मनगटाच्या वर जाणारे. नसतील तर हाताला जाड प्लॅस्टिकची पिशवी बांधा. सुती मोजे एकटे नकोत.
- पूर्ण बाह्यांचा शर्ट, बाह्या मोज्याच्या आत. फुल पँट, पायात बूट-मोजे.
- नाकातोंडावर मास्क. गमछा घेणार असाल तर तो कामानंतर खांद्यावर टाकून घरी नेऊ नका.
- चष्मा, साधा असला तरी चालेल.

### साहित्य

खुरपं किंवा लहान कुदळ, घमेली, युरियाची रिकामी पोती (धुतलेली, भोक नसलेली), आणि ओढून न्यायला सिल्पॉलिन (प्लॅस्टिकची ताडपत्री). आपल्या गावात प्रत्येक घरात एखादी जुनी सोलापुरी चादर असते आणि ती अशा कामाला काढायचा मोह होतो. नका काढू. तिच्या विणीत बी आणि परागकण असे अडकतात की ती नंतर कोणाच्या अंगावर जाईल त्याला त्रास. सिल्पॉलिन झटकून, धुऊन साफ होतं.

### खड्डा

उपटणीच्या आदल्या दिवशी खत करायची जागा तयार पाहिजे. शेण आलेलं, माती टाकलेली, पाण्याचा पिंप भरलेला. हे नसेल तर उपटणी पुढे ढकला. उपटलेलं झाड रस्त्याकडेला ठेवलं की त्याच्या उरलेल्या कळ्या त्याच झाडाच्या ओलीवर पिकू शकतात.

तपासणी: निघण्यापूर्वी तीन प्रश्न. खड्डा तयार? मोजे रबराचे? हात-तोंड धुवायला साबण-पाणी जागेवर? एकाचं जरी उत्तर नाही आलं तरी थांबा.

## टप्पा ४: उपटणी

सकाळी दव ओसरल्यावर सुरू करा आणि ऊन चढायच्या आत संपवा. वारा पाठीवर घ्या, म्हणजे सुटलेलं सगळं तुमच्या तोंडाकडे न येता पुढे जाईल. सुरुवात विरळ बाजूने करा आणि दाटीकडे सरका. उलट केलंत तर दाट भागातलं बी बुटांबरोबर स्वच्छ भागात फिरतं.

झाड बुडाशी, मातीला लागून धरा. एकदा डावी-उजवीकडे हलवा, मग सरळ वर ओढा. याचं मूळ सोटमूळ, एकाच ओढीत अख्खं येतं. मूळ मधेच तुटलं तर खुरप्याचं टोक तिरकं घालून उरलेला गड्डा काढा. माती तिथल्या तिथे झटका, पण झाड आपटू नका. सगळ्यांचे शेंडे एका दिशेला येतील असे पोत्यात ठेवा, म्हणजे नंतर थर लावताना सोपं जातं.

विळा आणि ग्रास कटर नको. हे सगळ्यात मोठं आणि सगळ्यात महागडं चुकणं. वरून कापलेलं झाड बुडातून चार-पाच फांद्या काढतं आणि या वेळी वीतभरावरच फुलतं, म्हणजे पुढच्या वेळी कटरच्या पात्याखालून सुटतं. शिवाय कटर रस आणि पानाचे तुकडे हवेत उडवतो. ज्या सोसायट्या दर महिन्याला माणूस बोलावून कटर फिरवतात त्यांच्या आवारात मी हे बुटकं, पसरट, बाराही महिने फुललेलं गाजरगवत पाहिलंय.

### फूल आलेलं असेल तर

उशीर झाला असेल तर पद्धत बदलते. आता पहाटेच, दव असताना काम करा, कारण ओलसर फुलातून बी कमी सांडतं. आधी शेंड्यावर पोतं उलटं घाला, तोंड मुठीत आवळा, पोत्याखाली कात्रीने शेंडा कापा. शेंडे पोत्यातच राहू द्या, तोंड बांधा. त्यानंतर उरलेलं खोड मुळासकट उपटा. वेळ दुप्पट लागतो. दाट रानात हे जमणार नाही, तिथे निदान रस्त्याकडेची, पाण्याकडेची आणि वाऱ्याच्या तोंडची झाडं तरी अशी काढा. शेंड्यांची पोती आणि खोडं वेगवेगळी न्यायची.

जाळणं नको. ओलं पेटत नाही, आणि वाळलेलं पेटवेपर्यंत बी खाली सांडून गेलेलं असतं. मातीत गेलेल्या बियांना वरच्या आगीची फारशी झळ लागत नाही. धूर मात्र सगळ्या गल्लीला. पाटात, नाल्यात टाकणं त्याहून वाईट, बी पाण्याबरोबर थेट पुढच्या गावाच्या रानात पोचतं.

काम संपल्यावर मोजे हातात असतानाच साबणाने धुवा, मग काढा. मग हात, मग तोंड-मान, थंड पाण्याने. कपडे घरच्या धुण्यात मिसळू नका, वेगळे भिजवा. डोळ्यांत जळजळ किंवा श्वास अडकल्यासारखं वाटलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पुरळ उठल्यावर दुकानातून आणलेली पांढरी मलमं चोळत बसू नका.

## टप्पा ५: खत

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण चुका इथे सगळ्यात जास्त होतात आणि त्या कळतात सहा महिन्यांनी.

जागा. सावलीची, उंचवट्यावरची, पाणी न साचणारी. काळ्या मातीत खड्डा काढलात तर पावसाळ्यात त्याची विहीर होते आणि उन्हाळ्यात भेगांतून ओल निसटते. मुरमाड उंचवटा असेल तर खड्डा, नाहीतर जमिनीवर विटांचा कोरडा हौद रचा, विटांमध्ये फटी ठेवून.

माप. नेहमीचं माप १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट खोल. तळाला आणि कडेला दगडी चिपा किंवा ठोकलेला मुरूम, म्हणजे खालची माती खत ओढून घेत नाही. सोसायटीच्या आवारात एवढी जागा नसते. तिथे ४ × ३ फूट, ३ फूट उंच हौद चालतो. त्याहून लहान करू नका, ढीग तापत नाही. आणि न तापलेला ढीग हीच मुख्य अडचण आहे.

थर. मोठ्या खड्ड्यात एका थराला ५० किलो ओलं गाजरगवत. त्यावर शेणकाला शिंपडा, ५०० ग्रॅम युरिया पाण्यात विरघळवून समान मारा, ५० ग्रॅम ट्रायकोडर्मा (कुजवायला मदत करणाऱ्या बुरशीची पावडर) भुरभुरवा. मुळांबरोबर माती कमी आली असेल तर १०-१२ किलो माती पसरा. पायाने (बूट घालून) दाबा. लहान हौदात हेच प्रमाण पाचव्या हिश्शाने: १० किलो गवत, १०० ग्रॅम युरिया, १० ग्रॅम ट्रायकोडर्मा, दोन-अडीच किलो माती. युरिया नको असेल तर शेणकाला वाढवा, वेळ थोडा जास्त लागेल. अख्ख्या मोठ्या खड्ड्याला साधारण १०० किलो शेण हाताशी असू द्या.

झाडं फार कोवळी, पाणीदार असतील तर थर चिकटून वास मारतो. तिथे ज्वारीच्या कडब्याचा वाया गेलेला बुडखा किंवा उसाचं पाचट तुकडे करून मधे घाला. वासाचा अर्थ एकच, आत हवा नाही.

तोंड बंद करणं. थर कडेच्या वर दीड फूट घुमटासारखे आले की शेण, माती आणि भुसा कालवून सगळं लिंपा. भेगा पडतील, पडल्या की पुन्हा लिंपा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडच्या उन्हात आठवड्याला बघावं लागतं, कोरड्या ढिगात काहीही कुजत नाही. मधे काठीने भोक पाडून पाणी ओता आणि भोक बुजवा.

तपासणी: दहाव्या-बाराव्या दिवशी लोखंडी सळई मधोमध खोल खुपसा, दहा मिनिटांनी काढून टोकाजवळ हात लावा. हात ठेववत नसेल तर ढीग तापतोय. कोमट असेल तर ओल किंवा शेण कमी आहे. सळई थंड आणि बरबटलेली आली तर पाणी जास्त झालंय, वरचे थर उलथून पाचट घाला.

ढिगाचा गाभा तापतो, कडा तापत नाहीत. बी मरायला ढीग ५५ अंशांच्या वर काही दिवस राहावा लागतो, आणि तेवढी धग फक्त मधे असते. म्हणून फूल आलेले शेंडे, जे तुम्ही वेगळ्या पोत्यात ठेवलेत, ते नेहमी मधोमध घाला आणि दीड महिन्याने ढीग उलथून कडेचं मधे, मधलं कडेला करा. मी पहिल्या वर्षी हे केलं नाही. मोठ्या हौसेने केलेलं खत सीनेकाठच्या रानात वांग्याच्या आळ्यात घातलं, आणि तीन आठवड्यांनी प्रत्येक वांग्याभोवती गाजरगवताचं कडं उभं होतं. शेजारचे काका बांधावरून बघून एवढंच म्हणाले, "वांगी कुठल्या बाजूला लावलीत?"

फूल आलेल्या मालाबद्दल माझा स्वतःचा नियम आता असा आहे: शेंडे काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून अख्खा उन्हाळा गच्चीवर ठेवायचे, मग ढिगात. सोलापूरचं मे महिन्याचं ऊन आपल्याला फुकट मिळतं, ते वापरावं.

चार ते पाच महिन्यांत खत तयार होतं. काळंसर, भुसभुशीत, मातीचा वास येणारं. जाड चाळणीतून चाळा, वर उरलेली खोडं पुढच्या ढिगात.

शेवटची तपासणी, ही वगळू नका: चाळलेलं खत एका उथळ ट्रेमध्ये बोटभर पसरा, ओलं ठेवा, १५ दिवस थांबा. कातरलेल्या पानांचं एक जरी रोप दिसलं तरी सगळं खत परत ढिगात. काही उगवलं नाही तर खुशाल वापरा, भाजीपाल्यालाही. अर्धवट कुजलेलं मात्र कुठेच घालू नका, कारण पार्थेनिन दुसऱ्या बियांची उगवण रोखतं. कोथिंबीर उगवली नाही म्हणून बियाणेवाल्याला शिव्या देणाऱ्यांनी आधी आपलं खत बघावं.

## टप्पा ६: मोकळी जागा भरा

उपटून मोकळी सोडलेली जमीन म्हणजे गाजरगवताला दिलेलं आमंत्रण. त्याला ऊन आणि उघडी माती लागते. सावली आणि गर्दीत ते मागे पडतं.

रस्त्याकडेला, पडीक प्लॉटवर टाकळा पेरा. शेंगा ऑक्टोबर-नोव्हेंबरात वाळल्या की गोळा करून बी काढा आणि मार्च-एप्रिलमध्ये फेकून द्या, उन्हाने आणि मातीने कठीण साल नरम होते आणि मृगाच्या पावसावर उगवण चांगली मिळते. ऐनवेळी पेरायचं असेल तर बी जाड वाळूत चोळून घ्या. टाकळा आणि तरवड यांत गोंधळ करू नका. तरवड हे मोठं झुडूप, पिवळ्या मोठ्या फुलांचं, ते वेगळं.

टाकळा कुठे नको: शेतात, आणि जनावरं चरतात त्या गायरानावर. जनावरं तो खात नाहीत, म्हणजे एक निरुपयोगी काढून दुसरं लावल्यासारखं होईल. गायरानावर पवना, मारवेल अशी गवतं धरू द्या. सोसायटीच्या आवारात झेंडूची दाट ओळ लावा. तोही गाजरगवताला दाबतो, आणि दसऱ्याला फुलं मिळतात ती वेगळी.

टाकळा पावसाळा संपला की वाळतो. हिवाळ्यात ती जागा पुन्हा उघडी पडते, म्हणून ओलीच्या ठिकाणी एकट्या टाकळ्यावर विसंबू नका.

## टप्पा ७: भुंगा आणि फवारणी

पावसाळ्यात गाजरगवताच्या पानांवर सहा मिलिमीटरचे, फिकट पिवळसर अंगावर तपकिरी नागमोडी रेघा असलेले भुंगे दिसले तर ते मारू नका. हा मेक्सिकन भुंगा, झायगोग्रामा, पानं आणि कोवळे शेंडे खाऊन झाडाला फुलू देत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये जिथे भरपूर आहेत तिथून बाटलीत गोळा करून दुसऱ्या जागी सोडता येतात. एका ठिकाणी ५०० ते १००० सोडावे, दहा-वीस सोडून उपयोग नाही. थंडी-उन्हाळ्यात तो मातीत झोपून राहतो. आपल्याकडे पावसाच्या उघडिपी लांबतात म्हणून त्याच्यावर एकट्यावर काम सोडू नका. ज्या पट्ट्यात भुंगे कामाला लागलेत तिथली उपटणी मात्र शेवटी ठेवा.

फवारणी ही शेवटची वाट. द्राक्ष, डाळिंब, तूर, कापूस जवळ असेल तर २,४-डी जातीच्या औषधाचा वारासुद्धा लागू देऊ नका, द्राक्षाची पानं पंख्यासारखी आकसतात आणि शेजाऱ्याशी जन्माचं भांडण होतं. ग्लायफोसेट या तणनाशकावर केंद्राने २०२२ मध्ये निर्बंध घातले, ते प्रशिक्षित कीडनियंत्रण चालकामार्फतच वापरायचं असं ठरवलं. कोणतं औषध, किती, हे मोहोळच्या किंवा खेडच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा, दुकानदाराला नको. आणि फवारणी कशाचीही असो, फुलापूर्वीच. फुलल्यावर मारलेलं झाड मरता मरता बी पिकवतं.

मिठाच्या पाण्याचा सल्ला फार फिरतो, १५-२० टक्के मीठ फवारा म्हणून. पानं करपतात हे खरं. पण लिटरला २०० ग्रॅम मीठ म्हणजे १५ लिटरच्या पंपाला तीन किलो, आणि ते सगळं शेवटी मातीत. पाटाच्या पाण्याने आपल्याकडची कितीतरी जमीन आधीच खारवटलेली आहे. फरशीच्या फटी आणि कंपाउंडच्या पायाशिवाय मी ते कुठेच वापरत नाही.

## टप्पा ८: फेऱ्या

एका उपटणीत काहीच संपत नाही. मातीत खोल गाडलेलं बी काही वर्षं तग धरतं आणि वर आलं की उगवतं. म्हणून उपटणीनंतर जमीन खोल खणू किंवा नांगरू नका, खालचं बी वर आणाल. दर तीन आठवड्यांनी एक फेरी, पावसाळाभर. पहिली फेरी दिवसभराची, दुसरी दोन तासांची. फेऱ्या न चुकवल्या तर तिसऱ्या वर्षी सकाळच्या फिरण्यात उरकते.

एका वहीत तीनच रकाने ठेवा: फेरीची तारीख, किती पोती निघाली, फूल दिसलं का. तिसऱ्या रकान्यात "हो" आलं की समजायचं, पुढची फेरी आठवडाभर अलीकडे ओढायची.

याच काळात नवं बी आत येऊ देऊ नका. ते बहुतेक वेळा विकत आणलेलं असतं: मुरमाच्या डंपरमधून, वाळूतून, उकिरड्यावरच्या शेणखताच्या ट्रॉलीतून, नर्सरीच्या कुंडीतून, जेसीबीच्या चाकांतून. शेणखताची ट्रॉली सांगण्याआधी त्या उकिरड्याच्या कडेला एकदा जाऊन या. भोवती गाजरगवत उभं असेल तर भाव कितीही कमी असो, दुसरीकडून घ्या. मुरूम टाकून झाला की त्या जागेवर मृगानंतर तीन आठवड्यांनी, वाफसा बघून, खुरपं आणि रबरी मोजे घेऊन जायचं.